श्रावणातली अंडी

दूध यायचं बंद झालं तरी आमची दूध संस्था बंद झाली नाही. चेअरमन होते, सचिव होता, फॅट काढायचं यंत्र होतं, भिंतीवर दराचा तक्ता होता. फक्त म्हशी नव्हत्या. २०१४ चा पाऊस हुकला, २०१५ चा त्याहून जास्त हुकला, आणि वडवणीच्या रस्त्याला चारा छावणी उघडेपर्यंत गावातल्या बहुतेक जनावरांना बाजार दाखवून झाला होता. उरलेली छावणीत गेली. चेअरमन सुंदरराव आप्पा तरीही रोज सकाळी संस्थेत येऊन खुर्चीवर बसत आणि मी, म्हणजे सचिव आणि फॅट काढणारा गहिनीनाथ, रोज सकाळी यंत्र पुसत असे. दोघांच्या कामाचा गावाला सारखाच उपयोग होता.

कोंबड्यांची कल्पना आप्पांची. तालुक्याला कुठल्याशा योजनेची माहिती ऐकून ते आले आणि खुर्चीत न बसताच म्हणाले, "बायकांची संस्था काढू बे गहिन्या. अंड्यांची. म्हशीला घागर लागती, कोंबडीला वाटीभर पानी पुरतं."

बायकांच्या संस्थेला बाई चेअरमन लागते. आप्पांच्या घरातल्या बायका कचेरीची पायरी चढत नाहीत, म्हणून माझी बायको अंजना चेअरमन झाली. सचिव म्हणून ज्याला सहकारातलं कळतं असा माणूस हवा होता, तो मी. वीस बायका सभासद झाल्या आणि योजनेतून प्रत्येकीच्या दारात कोंबड्या आल्या. एकाच घरात चेअरमन आणि सचिव झाल्यावर सकाळचा चहा कुणी करायचा हा प्रश्न पहिल्यांदाच उघडपणे चर्चेला आला. ठराव चेअरमनच्या बाजूनं झाला.

अंजनाला चेअरमनपदाचं काही नव्हतं. तिला ऊसतोडीला जायचं नव्हतं. संस्थेतून मला पगार मिळायचा बंद झाल्यावर आधीच्या हिवाळ्यात आम्ही दोघं कोयत्यावर गेलो होतो. ऊसतोडीत कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. आमच्या जोडीत नवरा सावलीत बसून दुधाची नळी हलवून मोठा झालेला, त्यामुळे कोयता खरं तर तिचा एकटीचाच होता. ती तोडायची, ती मोळी बांधायची, ती डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढायची. मी मोळ्या मोजायचो. तिच्या पाठीत जी उसण भरली ती पाडव्यापर्यंत उतरली नाही. परत आल्यावर तिनं कोयता आढ्याला खोचला आणि म्हणाली, "औंदा मी जानार न्हाई. ह्या कोंबड्यांनी घर चालवलं तर मी हितं हाय. न्हाई चालवलं तर मुकादम दसऱ्याला दारात येतोच."

म्हणजे दसऱ्यापर्यंत अंड्यांचं बस्तान बसवायचं होतं. आणि ते बसवायची जबाबदारी मी, कुणी दिली नसताना, स्वतःकडे घेतली.

गिऱ्हाईक चांगलं मिळालं. माजलगावला धर्मराज नावाचा अंड्यांचा ठोक व्यापारी आहे. त्याच्याकडे थंड खोली आहे आणि हॉटेलं, वसतिगृहं अशी बांधलेली गिऱ्हाइकं आहेत. तो म्हणाला, औषधाचं खाद्य न घालता, घरच्या पाल्याचाऱ्यावर अंडी काढलीत तर दसऱ्यापर्यंत घेऊन बघतो. लोकांना आवडली तर मग वर्षभर सगळी उचलतो.

घरचा पालाचारा म्हटल्यावर आमच्या सभासद बायकांना अचानक ज्ञान फुटलं. बायनाबाई म्हणाल्या, लसूण ठेचून घाला, कोंबडीला रोग शिवत नाही. कुणी हळद म्हणालं, कुणी कडुलिंबाचा पाला. अंजना शेवग्याचा पाला म्हणाली, कारण आमच्या दारात शेवगा होता आणि तो दुष्काळातही हिरवा होता. सारजाबाईंनी ओवा सांगितला. सारजाबाई वस्तीवरच्या. त्यांची मेंढरं पाऊस शोधत दिरासोबत लांब गेली होती. नवरा सटवा पोटाच्या दुखण्यामुळे घरी होता, आणि दावणीला एक म्हैस होती. गावातली ती शेवटची. ती छावणीत का नेली नाही असं विचारलं तर सारजाबाई म्हणत, तिला तिथं करमत नाही.

प्रत्येकीनं आपापलं घालायचं की सगळ्यांनी एकच, यावर सभा गाजली. शेवटी मी तोडगा काढला: सगळ्यांनी सगळं घालायचं. मी स्वतः दुधाच्या दराचा तक्ता चुन्यानं पुसून त्यावर निळ्या अक्षरात लिहिलं, 'नैसर्गिक मिश्रण', आणि खाली पाचही नावं. अक्षर चांगलं आलं होतं. तीन जणांनी त्याच्यासमोर फोटो काढले, त्यातला एक मी.

आता मूळ खाद्याचं. मक्याचा भरडा, शिंपल्यांचा चुरा आणि सोयाबीनची पेंड असं कोंबड्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. सोयाबीन आदल्या वर्षी शेंगेत भरलंच नव्हतं, पेंड कुठून परवडणार. पण दूध संस्थेच्या गोदामात सरकीच्या पेंडीची थप्पी पडून होती. म्हशींसाठी आणलेली. म्हशी गेल्या, पेंड राहिली. मी ती थप्पी पाहिली आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. असा उजेड मला वरचेवर पडतो.

"आप्पा, म्हशीला सरकी पेंड दिली की काय वाढतं?"

"फॅट," आप्पा म्हणाले.

"मग कोंबडीच्या अंड्यात पिवळं म्हंजी काय असतं?"

आप्पांनी थोडा विचार केला. "फॅटच की."

पंधरा वर्षं मी काचेच्या नळीत पाहिलं होतं की पेंड बंद केली की फॅट उतरते, चालू केली की चढते. माझ्याकडे पुरावा होता, फक्त तो म्हशीचा होता. आणि पेंड नैसर्गिक आहे की नाही अशी शंका कुणाला आलीच नाही. सरकी कपाशीत येते, कपाशी रानात येते. सभेत हात वर झाले. वीस बायकांनी, ज्यांच्या घरात सरकीच्या पेंडीशिवाय दूध निघालं नव्हतं, माना हलवल्या आणि आपापली पोती डोक्यावर घेऊन गेल्या.

हे झालं त्या आठवड्यात श्रावण लागला.

आमच्या गावात श्रावणात अंडं चुलीवर जात नाही. खुराड्यातून ट्रेमध्ये, ट्रेमधून जीपमध्ये, जीपमधून माजलगावला. तिथंही श्रावणच. धर्मराजकडे उठाव थंडावला आणि तो येतील ती अंडी थंड खोलीत रचत गेला, पोळ्यानंतर विकू म्हणून. आम्ही इकडे दर सोमवारी महादेवाला जाऊन येताना अंड्यांच्या दर्जाबद्दल बोलत होतो. अंडं वजनदार लागतंय, कवच कसं टणक आलंय, हातात घेतल्यावरच कळतं. केजहून एक मंडळ आमचं काम बघायला आलं होतं. त्यांना मी आत बलकाचा रंग कसा केशरी आला असेल, यावर भाषण दिलं. 'असेल' हा शब्द मी नीट वापरला होता, तेवढंच. अख्ख्या महिन्यात गावात एकानंही एक अंडं फोडलं नव्हतं.

पोळा झाला. चौथ्या-पाचव्या दिवशी धर्मराजचा फोन आला. "सेक्रेटरी, या जरा इकडं. चेअरमनबाईला घिऊन या. तुमाला अंडी खाऊ घालतो."

मला वाटलं सत्कार आहे. मी इस्त्रीचा शर्ट घातला.

धर्मराजनं आम्हाला दुकानाच्या आतल्या बाजूला नेलं. स्टीलचं ताट ठेवलं आणि थंड खोलीतून आणलेलं अंडं त्यात फोडलं. बलक हिरवा होता. पोपटी नाही, शेवाळलेल्या पाण्यासारखा, थोडा तपकिरीकडे झुकलेला. भोवतालचं पांढरं गुलाबीसर दिसत होतं. त्यानं दुसरं फोडलं. तेही तसंच. तिसरं थोडं कमी हिरवं होतं, त्याकडे मी आशेनं पाहिलं.

"हे काय हाय?" धर्मराजनं विचारलं.

"वास येत न्हाई," मी म्हणालो.

"वास येत असता तर मी तुमाला बोलवलं असतं का? उकिरड्यावर टाकलं असतं. बसस्टँडपाशी माझं एक हॉटेल हाय. त्यानं आमलेट केलं. गिऱ्हाईक म्हनलं, मेथी घातलीय का. दुसरं म्हनलं, पालक. तिसरं उठून गेलं."

अंजना ताटाकडे बघत होती. तिनं पदर नीट केला आणि विचारलं, "समदीच अशी हायत का?"

"तुमच्या गावची समदी, बाई. एखादा ट्रे सोडून. दुसऱ्या गावची पिवळीधमक हायत, त्याच खोलीतली." धर्मराज वाईट माणूस नव्हता. त्यानं आम्हाला चहा सांगितला. "दसऱ्यापतूर बघतो. तवर कारण काढा. न्हाई काढलं तर मला तुमचा माल बंद करावा लागंल."

'एखादा ट्रे सोडून' हे तो म्हणाला होता. मी ते ऐकलं होतं. त्याचा अर्थ लावायला मला पुढं महिना लागला.

परतीच्या जीपमध्ये अंजना वडवणीच्या अलीकडे म्हणाली, "मुकादम परवा दिसलता. इचारत होता, औंदा येता का म्हनून."

"तू काय म्हनलीस?"

"दसऱ्याला सांगते म्हनलं."

घरी येऊन आम्ही त्याच दिवशीचं अंडं फोडलं. पिवळंधमक. दुसरं फोडलं. पिवळं. गावात अंडं चांगलं आणि माजलगावला हिरवं. आप्पांनी तात्काळ निकाल दिला की माजलगावच्या थंड खोलीत दोष आहे, आणि त्याबाबत आपण वरपर्यंत जाऊ. वर म्हणजे कुठं हे त्यांनी सांगितलं नाही.

सभेत बायनाबाईंनी शेवग्याला धरलं. "पाला हिरवा, म्हनून पिवळं हिरवं. सरळ हाय."

"मंग तुमची लसूण पांढरी हाय," अंजना म्हणाली. "तिनं काय केलं?"

"लसणीनं पांढरं पांढरं ठिवलं."

"पांढरं गुलाबी झालंय, मावशी. मी डोळ्यानं बघितलं."

"मंग ते तुमच्या नवऱ्याच्या निळ्या रंगानं झालं आसंल," बायनाबाई भिंतीकडे बोट करून म्हणाल्या. वीस बायका हसल्या. मीही हसलो, सभेचं वातावरण खेळीमेळीचं ठेवणं सचिवाचं काम असतं.

कडुलिंबवाल्या हळदीवर आल्या, हळदवाल्या कडुलिंबावर. सारजाबाई मागं दाराशी बसल्या होत्या. त्यांना मी विचारलं, तर म्हणाल्या, "मला काय कळतंय. मी काय केलं न्हाई."

मी उभा राहिलो आणि शास्त्रीय पद्धत मांडली. बायकांचे पाच गट करायचे. प्रत्येक गटानं पाचांपैकी एकच गोष्ट घालायची: एकीकडे नुसती लसूण, दुसरीकडे नुसती हळद, असं. बाकीचं खाद्य सगळ्यांचं सारखं. थोडे दिवस जाऊ देऊन मग प्रत्येकीच्या अंड्यांवर पेन्सिलीनं नाव घालायचं आणि धर्मराजच्या थंड खोलीत एका फळीवर ठेवायची. घट बसायच्या आत फोडायची. ज्या गटाची हिरवी, ती वस्तू गुन्हेगार.

बाकीचं खाद्य सारखं, हे मी स्वतः दोनदा बजावून सांगितलं. त्यात पेंड आली.

ओव्याच्या गटात चौघी होत्या. त्यातल्या तिघी पहिल्याच आठवड्यात फुटल्या. एकीच्या कोंबड्या ओवा टिपेनात, दोघींनी शेजारच्या गटाकडे उड्या मारल्या, कारण तिकडे हळद होती आणि हळदीवर त्यांचा विश्वास होता. ओव्याच्या गटात सारजाबाई एकट्या उरल्या. मी त्यांना शाबासकी दिली.

घटस्थापनेच्या आदल्या दिवशी आम्ही माजलगावला गेलो. धर्मराज घाईत होता. "लवकर उरका. उद्यापासनं नऊ दिस मी अंडं फोडनार न्हाई. इकीन, पर फोडनार न्हाई."

लसूण फोडली: हिरवी. हळद: हिरवी. कडुलिंब, शेवगा: हिरवे. ताटं संपत आली तशी अंजना भिंतीला टेकली. शेवटी सारजाबाईंचं नाव असलेलं अंडं उरलं. ते फोडलं आणि ताटात पिवळा गोळा पडला. घट्ट, वर उचललेला, झेंडूच्या रंगाचा. दुसरं फोडलं. तसंच. धर्मराज वाकून बघायला लागला.

"ह्यात काय घातलंय?"

"ओवा," मी म्हणालो. तो शब्द मी ज्या आवाजात उच्चारला तो आवाज मला अजून आठवतो आणि आठवला की मी दुसरं काही तरी आठवायचा प्रयत्न करतो.

गुन्हेगार शोधायला गेलो होतो आणि औषध सापडलं. ओवा हिरवेपणा मारतो. प्रयोगाचा निष्कर्ष स्वच्छ होता. आप्पांनी दसऱ्याला सारजाबाईंचा शाल-नारळ देऊन सत्कार ठरवला, धर्मराजला बोलावणं धाडलं. धर्मराजही खूश होता, म्हणाला, सगळ्यांना ओवा चालू करा, दसऱ्याला येऊन वर्षभराचं पक्कं करतो. मी भिंतीवर ओवा लाल रंगात सगळ्यांच्या वर घेतला. वडवणीच्या बाजारात आमच्या बायकांनी ओव्याची दुकानं धुऊन नेली. दुकानदारानं मला बाजूला घेऊन विचारलं, "गावात पोटदुखीची साथ आलीय का?"

सारजाबाईंना सत्काराचं सांगायला गेलो तेव्हा त्या म्हणाल्या, "नगं बाबा. मी काय केलं न्हाई म्हनते ना."

किती नम्र बाई, असं मी आप्पांना सांगितलं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी दुपारी मी पुन्हा वस्तीवर गेलो. सत्काराच्या भाषणात ओवा भाजून घालायचा की कच्चा, हा तपशील मला हवा होता. सटवा बाजेवर पडला होता. सारजाबाईंनी चहा टाकला. आमच्या गावात तेव्हा चहा म्हणजे पावडरीच्या दुधाचं फिकट पाणी असायचं. मी त्याच सवयीनं पेला तोंडाला लावला आणि थांबलो.

पेल्यावर साय धरली होती. सुरकुतली नाही, पोळीसारखी बसली. मी फुंकर मारली तर ती हलली नाही.

कोंबडीतलं मला काय कळतं हे आतापर्यंत स्पष्ट झालं आहे. पण दुधातलं कळतं. कोरड्या कडब्यावरची म्हैस अशी साय देत नाही. कुणी झोपेत असताना माझ्या जिभेवर ठेवली असती तरी मी सांगितलं असतं.

"मावशी, म्हशीला काय घालता?"

"कडबा. दुसरं काय हाय आता?"

"ह्या दुधाला साडेआठ फॅट हाय."

सारजाबाईंनी चुलीतलं लाकूड पुढं सारलं, गरज नसताना. सटवा बाजेवर उठून बसला. गोठ्याच्या कोपऱ्यात गोणपाटाखालून पोत्याची कड दिसत होती. त्यावर आमच्या दूध संस्थेचा शिक्का होता. तो शिक्का मीच मारलेला.

"कोंबड्यांची पेंड म्हशीला घातली," मी म्हणालो.

"घातली," सारजाबाई म्हणाल्या. "पयल्या दिसापासनं. सेक्रेटरी, पंधरा वरसं तुमीच सांगत आला, म्हशीला पेंड घाला म्हनून. आता कोंबडीला घाला म्हनले. मला वाटलं, येड लागलं ह्या मानसाला. तिकडं म्हैस हंबरत हुती. मी म्हनलं, सांगू दे. कुनाला कळतंय."

"आणि कोंबड्या काय खातात?"

"मक्याचा भरडा घालते की. बाकी हिंडत्यात. वारुळं उकरत्यात, म्हशीच्या आंगावरच्या गोचड्या टिपत्यात. दुसऱ्यांपरीस कमी अंडी देत्यात, त्याबद्दल तुमी मला बोलला बी हुता."

बोललो होतो. सभेत.

"निदान ओवा तरी?"

सारजाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. सटवा म्हणाला, "माज्या पोटाला लई गुन आला, सेक्रेटरी. संपलाय आता."

मी चहा पूर्ण प्यायलो. असा चहा वर्षभरात मिळाला नव्हता आणि पुन्हा मिळेल याची खात्री नव्हती.

घरी आलो तेव्हा अंजना शेवग्याचा पाला कापत होती, कोयत्यानं. मी सगळं सांगितलं. तिनं कापणं थांबवलं.

"म्हंजी वीस बायकांचं एकेक काढून बघितलं. लसूण काढली, हळद काढली. पेंड कावून काढली न्हाई?"

मी खरंच विचार केला. "पेंड म्हंजी... पेंड हाय ना ती. ती काय घालायची गोष्ट न्हाई. ती असतीच."

अंजनानं माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग ती हसायला लागली. पाठीत दुखायला लागलं तेव्हा थांबली.

"उद्या काय करायचं?" मी विचारलं. "गप राहिलो तर धर्मराज पक्कं करंल. मुकादम येऊन परत जाईल."

"आन दिवाळीनंतर थंड खोली उघडंल तवा? पेंड तर चालूच हाय समद्यांची. पुन्ना हिरवी. मंग कुनाकडं जायचं, मुकादम बी गेलेला, धर्मराज बी गेलेला."

"सांगितलं तर उद्याच जाईल."

"जाऊ दे मंग उद्याच," अंजना म्हणाली आणि उरलेला पाला कापायला घेतला.

दसऱ्याला संस्थेच्या ओट्यावर सतरंजी टाकली होती. आप्पा फेटा बांधून, धर्मराज टोपी घालून, सारजाबाई आपल्याला कुणी तरी पकडून आणल्यासारख्या. मुकादमही आला होता. सोनं वाटून झालं की तो नावं पक्की करून जातो, हे सगळ्यांना माहीत होतं. तो भिंतीला टेकून उभा राहिला. आप्पांनी शालीची घडी उघडली. तेवढ्यात अंजना उठली.

"आप्पा, थांबा जरा. ओव्यानं काय झालेलं न्हाई. पेंडीनं झालंय. पेंडीचं अंडं ताजं पिवळं दिसतं, थंड खोलीत ऱ्हायलं की हिरवं पडतं."

तिनं दोन मिनिटांत सगळं सांगितलं. मी सांगितलं असतं तर अर्धा तास लागला असता आणि त्यात माझा दोष कमी दिसला असता. मग बायनाबाई म्हणाल्या, "म्हंजी सारजीनं कोंबड्यांची पेंड म्हशीच्या पोटात घातली. आन शाल तिलाच."

"म्या चोरली न्हाई," सारजाबाई म्हणाल्या. "मला दिलती तीच नेली. तुमी कोंबडीला घातली, मी म्हशीला घातली. आता बघा, कुनाची वाया गेली."

बायनाबाई माझ्याकडे वळल्या. "आन ह्यो सेक्रेटरी. आमच्या घरात ओव्याचं पोतं पडलंय."

"मी घेतो त्यातलं," सटवा मागून म्हणाला.

आप्पा शाल हातात धरून उभे होते. सारजाबाईंना द्यावी तर चोरीला शाल, न द्यावी तर उलगडलेली शाल. शेवटी त्यांनी ती स्वतःच्याच खांद्यावर टाकली आणि खाली बसले.

सगळे धर्मराजकडे बघत होते. त्यानं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "बाई, हे तुमी मला उद्या-परवा फोनवर सांगितलं असतं तरी चाललं असतं."

"आज इचार पक्का हुनार हुता ना तुमचा."

"हुनार हुता." त्यानं टोपी पुन्हा डोक्यावर घातली. "आज मी पक्कं करीत न्हाई. पेंड आजपासनं बंद करा. थोड्या दिसानं जी अंडी येतील ती मी ठिवतो, दिवाळी झाली की फोडतो. पिवळी निघाली तर समदी उचलतो. तवर सारजाबाईची तेवढी नेतो. बाकी तुमी वडवणीच्या बाजारात ताजी खपवा."

"दिवाळीपतूर मला थांबता येत न्हाई," मुकादम भिंतीपासून म्हणाला. "कोजागिरीला ट्रक निघतो."

म्हणजे उत्तर येण्याआधी ट्रक जाणार होता. बायनाबाई आणि आणखी सहा जणींनी त्याच दिवशी नावं दिली. मी त्यांना थांबा म्हणालो नाही. माझ्या शब्दावर थांबण्यासारखं त्या वर्षी काही उरलं नव्हतं. मुकादम अंजनाकडे आला.

"मी हितंच हाय," अंजना म्हणाली.

"अंडी हिरवी निघाली तर?"

"तर हिरवी खाईन."

मुकादमानं मग माझ्याकडे पाहिलं. मी तयार होतो, एकट्यानं जायला. त्यानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाला, "न्हाई सेक्रेटरी. मोळ्या मोजायला आमच्याकडं मानूस हाय."

ट्रक गेला. जाताना बायनाबाईंनी त्यांच्या कोंबड्या आमच्या अंगणात आणून सोडल्या, लसणीच्या गड्डीसह, आणि लसूण बंद करायची नाही असं बजावलं. अंजनानं सोयाबीनच्या पेंडीसाठी आपले कानातले गहाण ठेवले हे मला नंतर कळलं. बाकी सहा जणींच्याही कोंबड्या आमच्याकडेच आल्या. घरचं धरून आठ खुराड्यांचं पाणी, आठ खुराड्यांची झाडलोट. टँकर आला की ती पहिली हंडा लावायची. मी ट्रे उचलायचो, बाजारात बसायचो. लोक विचारायचे, "हिरवी हायत का?" मी प्रत्येक गिऱ्हाइकासमोर एक फोडून दाखवायचो. नंतर नंतर गिऱ्हाइकं फक्त ते बघायलाच यायची.

दिवाळीनंतर आम्ही माजलगावला गेलो. इस्त्रीचा शर्ट मी घातला नाही. तेच ताट होतं. धर्मराजनं पहिलं अंडं अंजनाच्या हातात दिलं. "तुमीच फोडा."

तिनं ताटाच्या कडेवर ते आपटलं. बलक पिवळा होता. मी भाषणात म्हणालो होतो तसा केशरी नाही, सारजाबाईंच्या अंड्यासारखा झेंडूचाही नाही. साधा, लिंबाच्या सालीसारखा पिवळा. तिनं दुसरं फोडलं, तिसरं फोडलं. दहाव्याला धर्मराज म्हणाला, "बास की बाई. इकायची हायत ती." मग बाहेर पोऱ्याला ओरडून त्यानं तीन चहा सांगितले, आणि चहा येईपर्यंत वर्षभराचं पक्कं झालं होतं. अंजना उभीच होती. बसा म्हटल्यावर बसली आणि पाठ खुर्चीला टेकवली.

गोदामात उरलेल्या सरकीच्या पेंडीचं काय करायचं हा विषय दूध संस्थेच्या सभेत आला. सभेला आप्पा आणि मी होतो. पेंड म्हशीला द्यावी, गावात म्हैस एकच आहे, सबब सारजाबाईंना द्यावी आणि त्यांनी दूध संस्थेत घालावं, असा ठराव एकमतानं झाला. आप्पा त्या दिवशी फार दिवसांनी खुर्चीत टेकून बसले. त्यांच्या संस्थेत दूध येणार होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सारजाबाई तांब्याभर दूध घेऊन आल्या. मी नळी धुतली, ॲसिड घातलं, दूध घातलं, यंत्र फिरवलं आणि नळी उजेडात धरली. साडेआठ. मी आकडा मोठ्यानं वाचला, जसा शंभर म्हशींच्या वेळी वाचायचो. ऐकायला आप्पा होते, ट्रे मोजणारी अंजना होती, आणि दाराशी सटवा होता. तो संस्थेत ओवा शिल्लक आहे का हे विचारायला आला होता.